धार येतेय ना?

आमच्याकडे मालवणजवळ देवबागात सकाळी जेटीवर बोट सुरू केली की पहिला प्रश्न एकच. शेजारच्या बोटीवरचा विचारतो, जाळं सोडवत बसलेला म्हातारा विचारतो, शाळेत निघालेलं पोरपण विचारतं, "मशीन मुतता मा?" म्हणजे आऊटबोर्ड मशीनच्या, बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाच्या, मागच्या बाजूला एक छोटं भोक असतं त्यातनं पाण्याची धार पडतेय का. पडत असेल तर मशीन थंड राहतंय, पडत नसेल तर बंद कर आधी, मग बोल. लहानपणापासून माझं या विषयातलं ज्ञान एवढंच आणि ते पुरेसं वाटायचं. मग स्वतःचं मशीन घेतलं आणि ह्याच धारेने मला दोनदा फसवलं, एकदा न येऊन आणि एकदा येऊन.

मी काही मेकॅनिक नाही, कॉमर्स केलंय. घरी न्याहारी निवास आहे, चार खोल्या, आई स्वयंपाक बघते आणि बाकी सगळं मी. पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला, संगमावर फिरवायला दुसऱ्याची बोट सांगायला लागायची आणि सीझनला ती वेळेवर मिळायची नाही, मग पाहुण्यांची तोंडं वाकडी, म्हणून शेवटी एक जुनी फायबरची बोट आणि तिच्यासोबतचं ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन घेतलं, सेकंडहँड. बघायला अण्णा आले होते, वडिलांचे थोरले भाऊ, आयुष्य पाण्यावर गेलंय त्यांचं. त्यांनी मशीन सुरू करायला सांगितलं, मागे जाऊन धार बघितली, म्हणाले घे. मी घेतलं.

पहिल्याच सीझनला दसऱ्यानंतर दहा-बारा दिवस बोट लागलीच नव्हती, मशीन वर उचलून ठेवलेलं. मग सांगलीची एक फॅमिली आली, सकाळी साडेसातला सहा माणसं लाईफ जॅकेट घालून बोटीत बसलेली, मी मशीन सुरू केलं, वळून बघतो तर धार नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, नाहीच. बंद केलं, परत सुरू केलं, नाही. डोक्यात एकच, पंप गेला. फॅमिलीला दुसऱ्या बोटीत बसवून दिलं (भाडं त्या बोटवाल्याला गेलं, ते चालेल, पण शब्द माझा गेला), मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणे उद्या येतो. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून मशीनचा खालचा भाग उघडायची तयारीपण सुरू केली, पाने काढून ओळीने मांडले. तेवढ्यात अण्णा आले. काही बोलले नाहीत. खिशातून जाड तंगुसाचा वीतभर तुकडा काढला, भोकात घातला, दोनदा फिरवला आणि भोकातनं लाल माती गळायला लागली. मातीबरोबर एक हिरवी अळी पडली. कुंभारीण! त्या माशीने दहा दिवसात तिथे घर बांधून पिल्लांची सोय करून ठेवली होती. मशीन सुरू केलं तर धार उडाली ती थेट माझ्या पँटवर.

"पंप गेलो म्हणान खोलूक निघालंस? आधी भोक बघ मेल्या."

तर धार नव्हती पण मशीन ठणठणीत होतं. ते भोक म्हणजे फक्त खिडकी आहे. मशीनमधून जे पाणी फिरतं त्यातलं अगदी थोडं त्या खिडकीतून आपल्याला दाखवायला बाहेर पडतं, बाकी सगळं धुराबरोबर खाली पंख्याच्या वाटेने समुद्रात जातं, ते आपल्याला दिसत नाही. पण हे मला तेव्हा एवढं स्वच्छ कळलेलं नव्हतं. मी त्यातनं घेतलं एवढंच की तंगुसाचा तुकडा किल्लीच्या दोरीला बांधून ठेवायचा, आणि तो अजून आहे.

मे महिन्यात एकदा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बेटाजवळ बोट पुळणीला लागली. सुनामी आयलंड म्हणतात ना तिथे, कर्ली नदीच्या मुखाशी वाळू इकडची तिकडे होत असते, कालची वाट आज असेलच असं नाही. खाली उतरून ढकलायचं सोडून मी रिव्हर्स मारत बसलो, मागे पाणी नुसतं कॉफीसारखं झालं होतं, बोट निघाली, मी खूश. आणि त्यानंतर धार बारीक झाली. भोक साफ होतं, तंगूस आरपार जात होता, स्पीड वाढवला की धार बरी यायची आणि हळू चालवलं की म्हाताऱ्या माणसासारखी थेंब थेंब. ते तसंच रेटलं मेअखेरपर्यंत. मग बोट वर काढली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि आमच्या टुरिस्टच्या बोटी तर त्याच्याही आधी किनाऱ्यावर चढतात, त्यामुळे जून म्हणजे हाताला काम नाही आणि समोर मशीन. ठरवलं की ह्या वेळी आपण स्वतः उघडायचं, मिस्त्री फक्त बाजूला उभा राहील.

आता आत काय आहे ते सांगतो कारण मला पण बत्तिसाव्या वर्षी कळलं. गाडीला रेडिएटर असतो, तेच पाणी फिरून फिरून थंड होतं. आऊटबोर्डला रेडिएटर नाही, समुद्रच रेडिएटर. खालच्या भागाला, पंख्याच्या जरा वर, दोन्ही बाजूला जाळ्या असतात, तिथून पाणी आत येतं, पंप ते उभ्या नळीतून वर इंजिनात ढकलतो, ते सिलिंडरच्या भोवतीने, हेडमधून फिरतं आणि गरम होऊन बाहेर. एकदाच. परत तेच पाणी येत नाही. म्हणजे खाडीत चिखल असला तर चिखल इंजिनात, वाळू असली तर वाळू, प्लॅस्टिकची पिशवी जाळीला चिकटली तर पाणीच बंद. मी रिव्हर्स मारत होतो तेव्हा इंजिनाला सरळ वाळू पाजत होतो.

खालचा भाग उतरवायला लागतो कारण पंप तिथे आहे, गिअरच्या वर, उभ्या शाफ्टवरच बसवलेला. आधी प्लगच्या वायरी काढल्या, चुकून मशीन सुरू व्हायला नको म्हणून. मग बोल्ट. चार दिसतात, ते काढले तरी भाग हलेना, मी हातोडी मारायला लागलो तर मिस्त्री ओरडला. पाचवा बोल्ट लपलेला असतो, पंख्याच्या वर तो शेपटीसारखा जस्ताचा तुकडा असतो ना, त्याच्या आत. तो तुकडा काढायच्या आधी मार्करने खूण करून ठेवायची कारण तो किती तिरका बसवलाय त्यावर स्टिअरिंग कुठल्या बाजूला ओढतं ते ठरतं. पाच बोल्टातला एक हललाच नाही. बोल्ट स्टीलचा, मशीन अ‍ॅल्युमिनियमचं आणि मधे खारं पाणी, तिथे पांढरी पिठासारखी पावडर धरते आणि बोल्ट सिमेंट केल्यासारखा बसतो. मिस्त्री म्हणाला जोर लावू नको, ऊन दाखव. तेल सोडलं, ब्लोअरने गरम केलं, हळूच टोकलं, परत तेल, चहा प्यायला गेलो, आलो, परत तेच, आणि तिसऱ्या वेळी कर्रर्र करून सुटला. तो आवाज फार गोड असतो.

खालचा भाग हातात आला शाफ्टसकट. पंपाच्या घराचे चार बोल्ट काढून घर वर उचललं आणि त्याच क्षणी काहीतरी बारीक उडून खाली वाळूत पडलं. पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, शाफ्टवर घसरून मोकळं फिरू नये म्हणून मधे एक अर्ध्या चंद्राएवढी, म्हणजे खरंच अर्ध्या चंद्राच्या आकाराची, छोटीशी चावी असते. ती. बोराच्या बीएवढी. आमचं अंगण म्हणजे पुळणच, देवबागात दगड शोधायला लागतो, वाळू नाही. लोहचुंबक फिरवला तर काही नाही, ती स्टेनलेस असल्यामुळे चुंबकाला दाद देईना. शेवटी आईची पिठाची चाळण आणली (न विचारता) आणि दोन हात लांब दोन हात रुंद जागेतली वाळू चाळली. पाऊण तास. चावी मिळाली, एक जुनं दहा पैशाचं नाणं पण मिळालं, आणि संध्याकाळी भाकरीत वाळू लागली तेव्हा जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

इम्पेलर हा प्रकार मात्र बघण्यासारखा आहे. रबराचं सहा पाकळ्यांचं फूल. ते ज्या वाटीत फिरतं तिथे ते मधोमध नसतं, मुद्दाम एका बाजूला सरकवलेलं असतं, त्यामुळे एका बाजूला पाकळ्या दबून वाकतात आणि दुसऱ्या बाजूला सरळ होतात. सरळ होताना दोन पाकळ्यांमधली जागा वाढते, पाणी ओढलं जातं, वाकताना जागा कमी होते, पाणी पुढे ढकललं जातं. एवढंच. पण जास्त स्पीडला पाकळ्यांना सरळ व्हायला वेळच मिळत नाही, तेव्हा ते नुसतं पाणी भिरकावायचं काम करतं. म्हणून रबर म्हातारं झालं, कडक झालं, वाटी घासली गेली की आधी हळू स्पीडला धार मरते आणि पळवलं की बरी येते. माझी मे महिन्याची सगळी लक्षणं ह्या एका वाटीत होती, तिच्या तळाच्या पत्र्यावर वाळूने गोल गोल चरे पाडले होते, जुन्या रेकॉर्डवर असतात तसे. आणि ह्या पाकळ्यांना वंगण म्हणजे ते पाणीच, त्यामुळे मशीन जमिनीवर कोरडं चालवून बघणं, "जरा आवाज बघू" म्हणून, ते काही सेकंदाचं जरी असलं तरी रबर जळतं. गिऱ्हाईकाला दाखवायला लोक असं सर्रास करतात. माझं मशीनसुद्धा मला असंच दाखवलं असणार आधी कोणाकोणाला.

माझ्या इम्पेलरच्या दोन पाकळ्यांना मुळाशी चिरा होत्या आणि एका पाकळीचं टोक नव्हतंच. नखाएवढा तुकडा गायब. मी मिस्त्रीला विचारलं हा तुकडा कुठे गेला. तो म्हणाला, "गेलो असतलो भायर धुराच्या वाटेन, तू कित्याक टेन्शन घेतंस." मी टेन्शन नाही घेतलं. घ्यायला हवं होतं.

नवीन किट बसवलं, इम्पेलर, वाटी, खालचा पत्रा, गॅस्केट सगळं. नुसता इम्पेलर बदलून घासलेली वाटी तशीच ठेवली तर पैसे पाण्यात. पाकळ्या आत घालताना वाटीला साबणाचं पाणी लावायचं आणि शाफ्ट वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत फिरवत घर खाली दाबायचं, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस, पण वरच्या टोकाच्या सपाट भागावर ग्रीसचा गोळा ठेवायचा नाही, नाहीतर तो आत दाबला जाऊन भाग वर पूर्ण बसतच नाही. हे सगळं मिस्त्रीने सांगितलं, मी केलं, आणि भाग परत चढवला. निळा प्लॅस्टिकचा ड्रम कापून ठेवला होता, त्यात मशीन बुडवलं, पाणी जाळ्यांच्या बरंच वर, पंप बुडेल इतकं घेतलं, सुरू केलं.

धार नाही.

मिस्त्री हसायला लागला. म्हणाला नळी चुकवलीस. ती जी पाणी वर नेणारी नळी असते ती वरून लोंबकळत असते आणि खालचा भाग चढवताना ती पंपाच्या रबरी तोंडात बरोबर शिरायला लागते, अंधारात सुईत दोरा ओवल्यासारखं, आणि त्याच वेळी शाफ्टचे दाते वर जुळले पाहिजेत आणि गिअरची दांडीपण जुळली पाहिजे. माझी नळी रबराच्या बाजूला बसली होती, सगळं पाणी तिथेच सांडत होतं. परत उतरवलं. ह्या वेळी अण्णांना खाली झोपवून टॉर्च धरायला सांगितला, नळी गेली, दाते जुळेनात म्हणून वरचं चाक हाताने किंचित फिरवलं आणि टक् करून बसलं. मग धार आली अशी की ड्रमच्या बाहेर अंगणात आईच्या मिरच्यांवर.

तर आता मी स्वतःला ह्या विषयातला माणूस समजायला लागलो. गिअरचं तेल पण बदललं, ते दुधासारखं पांढरं असेल तर सीलमधून पाणी आत गेलंय म्हणून समजायचं, माझं काळपट होतं, वाचलो. सीझन सुरू झाला, धार दणदणीत. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने फ्लश करायचं ठरवलं होतं. त्यासाठी दोन रबरी वाट्यांचा एक चिमटा मिळतो, हेडफोनसारखा दिसतो, तो जाळ्यांवर बसवायचा, त्याला बागेचा पाईप लावायचा, आधी पाणी सोडायचं आणि मग मशीन सुरू करायचं, न्यूट्रलला, पंख्यापासून पोरं-कुत्री लांब ठेवून, आणि दहा-पंधरा मिनिटं हळू चालवायचं. ऑक्टोबरमधे रोज केलं. नोव्हेंबरमधे दिवसाआड. ख्रिसमसच्या गर्दीत रात्री नऊला शेवटची फेरी संपवून जेवायला वाढायला धावायचो, कसला फ्लश. शिवाय बोट लावली की लगेच मशीन टिल्ट करून वर उचलायचो, सगळेच उचलतात, पण त्यामुळे आतलं खारं पाणी गळून जायच्या आधीच अडकून राहतं आणि गरम इंजिनात तिथेच आटतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे दोन मोठे चमचे. ते नुसतं खायचं मीठ असतं तर परत पाण्यात विरघळलं असतं, पण त्यात चुन्याच्या जातीचे क्षारपण असतात आणि त्यांचं उलटं असतं, पाणी जेवढं गरम तेवढे ते पाण्यातून बाहेर पडून भिंतीला धरतात. आंघोळीच्या बंबात आतून पांढरा थर धरतो तेच. म्हणूनच गाडीचा थर्मोस्टॅट ८०-९० डिग्रीला उघडतो आणि आऊटबोर्डचा बराच आधी, माझ्या मशीनचा ५० च्या आसपास. थर्मोस्टॅट म्हणजे दार, इंजिन थंड असताना बंद, तापलं की उघडतं आणि गरम पाणी बाहेर सोडतं. ते दार वेळेत उघडलं तर इंजिन फार तापत नाही आणि थर कमी धरतो. पण दारच मिठाने चिकटलं तर?

२६ जानेवारीला जोडून सुट्ट्या आलेल्या. बोटीत आठ माणसं. सकाळची फेरी झाली, दुसरी झाली, तिसऱ्या फेरीला डॉल्फिन बाहेर लांब दिसले म्हणून जरा पळवली. परत येताना मशीन दमल्यासारखं वाटायला लागलं, लिव्हर तेवढाच आणि बोट हळू. मी मागे बघितलं, धार मस्त, जाड, एकसारखी. मग म्हटलं पंख्यात काहीतरी अडकलं असेल. थोडं पुढे आलो तर वास, जळक्या रंगाचा. एक काकू म्हणाल्या काहीतरी करपतंय का हो. मी परत धार बघितली! दुसऱ्यांदा! आणि ती येत होती म्हणून अजून दोनेक मिनिटं चालवलं असेल, त्या दोन मिनिटांचं मला अजून वाईट वाटतं.

मग बंद केलं, नांगर टाकला, वरचं कव्हर काढलं. हेडवर बाटलीतलं पाणी दोन थेंब शिंपडलं, आई घावणाचा तवा तापलाय का बघते तसं. चर्र करून उडालं. बझर वाजायला हवा होता, ह्या मशीनला बझर आहे, तो गप्प. दुपारचा वारा सुटलेला, बोट हलतेय, एका मुलाला उलटी, आणि मी सगळ्यांना सांगतोय काही नाही काही नाही थंड होतंय जरा. मित्राला फोन केला, त्याने येऊन दोरी लावून ओढून आणलं. ओढत आणलेल्या बोटीतून जेटीवर उतरणं म्हणजे काय ते ज्याला माहिती त्याला माहिती. म्हाताऱ्याने विचारलंच, "धार येय नाय होती काय?" मी म्हटलं येत होती ना, तेच तर.

दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅटचं झाकण उघडायला घेतलं, तीन छोटे बोल्ट, त्यातला एक तुटला, मुंडी हातात आणि बाकी आत. मिस्त्रीने ड्रिल मारून नवीन आटे पाडले त्यात अर्धा दिवस. झाकणाखाली पांढरट करडा थर, खरवडला तर खपल्या पडतात असा, थर्मोस्टॅट त्यात रुतून बसलेला. तो चिमट्याने उपसून काढला आणि त्याच्या मागे, पाणी यायच्या वाटेतच, काळं काहीतरी तिरपं अडकलेलं. ओढलं तर रबर. माझ्या जुन्या इम्पेलरच्या पाकळीचं टोक, सात-आठ महिने आत बसून होतं. धुराच्या वाटेने गेलेलं नव्हतं. मिस्त्रीने ते हातात घेतलं, बघितलं, परत माझ्या हातात दिलं आणि दुसरा विषय काढला.

आणि धार? माझ्या मशीनला त्या भोकाचं पाणी थर्मोस्टॅटच्या आधीच्या वाटेवरून घेतलेलं आहे. दार बंद असो उघडं असो, खिडकीतून पाणी पडत राहणार. धार एवढंच सांगत होती की पंप पाणी वर आणतोय. ते पुढे जातंय की नाही हे तिला विचारलंच नव्हतं कोणी. सगळ्या मशीनला असं असेल असं नाही, पण आपल्या मशीनला धार कुठून निघते ते एकदा पाईप धरून बघून घ्या. आणि धारेला हात लावा, नुसती बघू नका. त्या दिवशी हात लावला असता तर कदाचित दोन मिनिटं आधी कळलं असतं, कोमट पाणी आणि चटका देणारं पाणी ह्यात फरक असतो.

जुना थर्मोस्टॅट आणि नवा दोन्ही दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यात सोडले, तळाला न टेकता, आणि गॅस लावला. आधी ताप मोजायला कोविडच्या वेळची कपाळाला लावायची गन होती ती घेतली, ती ४३ च्या पुढे नुसतं 'हाय' दाखवते, मग पाहुण्यांपैकी एक बाई केक करणाऱ्या निघाल्या त्यांच्याकडे पाकाचा थर्मामीटर होता. नवा ५० ला हलला, ६० पर्यंत पूर्ण उघडला, बघताना मजा वाटते, फूल उमलल्यासारखं. जुना पाणी खळखळ उकळलं तरी ढिम्म. आईला सांगितलं की पातेलं नीट घासून देतो, ती म्हणाली ते पातेलं आता तुझंच.

आतला थर काढायला जे भाग सुटे होते ते पांढऱ्या व्हिनेगरमधे ठेवले, फसफसून बराच सुटतो, मग गोड्या पाण्याने धुतले. एकाने सांगितलं होतं संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओत, एका मिनिटात साफ. थर साफ होईल आणि त्याच्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमपण. व्हिनेगरमधेसुद्धा रात्रभर विसरायचं नाही. आत ब्लॉकला एक छोटा जस्ताचा तुकडा असतो, त्याचं काम स्वतः झिजून मशीनला वाचवायचं, तो बाहेर काढला तर कुरतडलेल्या खडूसारखा, अर्ध्यापेक्षा कमी उरलेला. तो बदलायचा असतो हेच मला माहिती नव्हतं. काही लोक त्याला गंजू नये म्हणून रंग देतात. रंग दिला की तो नुसता शोभेचा.

आणि बझर. हेडवर एक छोटा स्विच असतो, ठराविक तापमानाच्या वर गेलं की तो बझर वाजवतो. माझ्या मशीनला त्याची गुलाबी वायर आहे. ती शोधत गेलो तर कव्हरच्या आत कापून, टोकाला व्यवस्थित काळी टेप गुंडाळून, बाकी वायरींच्या मागे लपवलेली. म्हणजे आधी कोणाच्या तरी हातात हे मशीन तापत होतं, बझर वाजत होता आणि त्याने मशीनवर इलाज करायच्या ऐवजी बझरवर केला. वायर जोडली, किल्ली ऑन करून तिचं टोक ब्लॉकला टेकवून बघितलं, पूंऽऽ करून वाजला. आता सीझनच्या सुरुवातीला हे दरवर्षी करतो, पाच मिनिटाचं काम आहे.

सध्या असं चाललंय की फ्लश रोज, कितीही उशीर झाला तरी, आणि ते माझ्याकडून होत नाही हे मान्य करून शेजारच्या एका मुलाला त्याचे रोजचे पैसे देतो. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं तरी समुद्रापेक्षा बरंच. फ्लश झाल्यावर मशीन खालीच उभं सोडायचं पाणी गळेपर्यंत, मग वर. इम्पेलर दर पावसात बदलायचा, बरा दिसत असला तरी, कारण एका जागी दबून राहिलेल्या पाकळ्या तशाच वाकड्या राहतात. काढलेल्या इम्पेलरच्या पाकळ्या मोजायच्या आणि तुकडा कमी असला तर तो सापडेपर्यंत मशीन बंद करायचं नाही, म्हणजे झाकायचं नाही. आणि कारखान्यात वापरतात तसली तापमानाची गन घेतली, फेरी झाली की हेडवर मारतो, ५५ ते ६५ च्या मधे दाखवते, ७० दिसलं की मी अस्वस्थ.

मशीन त्या दिवशी तापलं ते फुकट गेलं नाही अर्थात. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं तर वरच्या सिलिंडरचं खालच्यापेक्षा थोडं कमी आहे, मिस्त्री म्हणतो चालेल, अण्णा म्हणतात उघडून बघ. गॅस्केट असू शकतं, सिलिंडरला ओरखडा असू शकतो. सीझन संपला की जूनमधे हेड उघडणार आहे. आईने पिठाला नवीन चाळण आणली, जुनी टूलबॉक्सच्या बाजूला खिळ्याला टांगून ठेवलीय.